गळ, मोजपट्टी आणि समुद्र
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक आणि उद्याचे जग' असा विषय दिला होता. मी त्यांना सांगितले की त्या विषयावर तुमची मुले तुम्हाला रोज घरी ऐकवत असतील, मला माशांवर बोलू द्या. आता, या शाळेत उभे राहून माशांवर बोलायचे म्हणजे धाडसच आहे. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी होडीत पाय ठेवला तेव्हा मी पाढे पाठ करत होते. पण मी गेली बारा वर्षे हवाई बेटांवर राहते आणि तिथे हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी जे नियम आहेत ते मला आपल्या गावाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटतात.

त्याला कारणही तसेच घडले. गेल्या वर्षी आपल्या ग्रुपवर दोन दिवस भांडण चालले होते, ते सगळ्यांना आठवत असेल. आपल्यातल्या एकाने पर्यटकांना होडीतून गरवायला न्यायचा व्यवसाय सुरू केला. त्यावर रापणकरांच्या घरातल्या आपल्या दुसऱ्या मित्राने लिहिले, "हौशे येतात, बोटभर पिल्ले उचलतात, फोटो काढतात नि जातात. आम्ही काय खायचे?" पहिल्याने उत्तर दिले, "मग मी काय मुंबईला जाऊ?" दोघेही खरे बोलत होते. त्या दिवसापासून माझ्या मनात होते की भेटलो की हे बोलायचे.

आधी हवाई कुठे आहे ते सांगते, नाहीतर भूगोलाच्या बाई मला उभे करतील. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे चार हजार किलोमीटरवर ही बेटे आहेत. होनोलुलू आणि आपले नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात. म्हणजे हवा आपल्या ओळखीची, नारळ, केळी, आंबा, फणस सगळे आहे. मोठ्या वयाच्या माणसांना तिथे अंकल आणि आंटी म्हणतात, मग नाते असो वा नसो. मला पहिल्या आठवड्यातच घरी आल्यासारखे वाटले ते यामुळे.

आणखी एक साम्य. घरातून निघालेल्या माणसाला आपण 'कुठे चाललास' असे विचारत नाही, काम होत नाही म्हणतात. तिथेही मासे धरायला निघालेला माणूस 'मासे धरायला चाललो' असे म्हणत नाही. माशांना कळते म्हणे! तो म्हणतो 'होलोहोलो', म्हणजे जरा फिरून येतो. गळाची काठी खांद्यावर आणि तोंडाने मात्र फिरून येतो.

तिथे हौशी माणसाला काय काय करता येते, ते आधी सांगते. शनिवारी सकाळी कुठल्याही बंदराच्या धक्क्यावर जा, आजोबा आणि नातवंडे बांबूची काठी घेऊन बसलेली दिसतील. उन्हाळ्याच्या शेवटी 'ओआमा' नावाची बोटभर मासळी थव्याने किनाऱ्याला येते, तेव्हा गुडघाभर पाण्यात माणसांची रांग लागते. रात्री खडकांवर काठ्यांना घंटी बांधून 'उलुआ' या मोठ्या ट्रेव्हॅलीची वाट बघणारे वेगळे. पागणारेही आहेत, आणि त्यांचा पाग बघून मला आपल्या खाडीची आठवण येते. ज्यांना खोल पाण्यात जायचे ते कोनाला जातात. तिथे दोन मोठे ज्वालामुखी पर्वत वारा अडवतात, त्यामुळे समुद्र शांत असतो आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो. निळा मार्लिन तिथे किनाऱ्याच्या जवळ सापडतो. १९५९ पासून तिथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. १९७० मध्ये ओआहू बेटाजवळ गळाला लागलेल्या एका मार्लिनचे वजन १८०५ पौंड भरले, म्हणजे आठशे किलोंच्या वर. होड्यांच्या सोयीसाठी सरकारने बेटांभोवती समुद्रात पन्नासहून अधिक तरंगत्या खुणा नांगरून ठेवल्या आहेत. त्यांच्या सावलीला मासा जमतो.

आणि या सगळ्यासाठी, समुद्रातल्या हौशी मासेमारीसाठी, तिथल्या रहिवाशाला परवाना लागत नाही. मी कामावरून सुटून धक्क्यावर जाऊन बसले तर मला कोणी कागद मागत नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यासाठी मात्र २०२१ मध्ये कायदा झाला. पंधरा वर्षे किंवा त्याहून मोठ्या पाहुण्याला परवाना काढावा लागतो. एका दिवसाचे २० डॉलर, सात दिवसांचे ४०, वर्षाचे ७०. पाहुणा आणि घरचा यांत फरक करणे त्यांना गैर वाटत नाही.

परवाना नाही म्हणजे मोकळे रान, असे मात्र नाही. खरा मुद्दा इथून सुरू होतो. धरलेला मासा विकायचा असेल तर व्यावसायिक परवाना काढावाच लागतो. हौशी माणसाने खावे, शेजाऱ्याला द्यावे, विकू नये. आणि प्रत्येक माशाचे वेगळे नियम आहेत. किती लांबीच्या खालचा ठेवायचा नाही, दिवसाला किती ठेवायचे, कुठल्या महिन्यात अजिबात धरायचा नाही, कुठल्या साधनाने धरायचा नाही. शेवंड मे ते ऑगस्ट बंद, आणि ती भाल्याने मारायची नाही. ऑक्टोपस एक पौंडाच्या आतला असेल तर सोडायचा. 'ओपिही' म्हणजे खडकाला चिकटलेली टोपीसारखी शिंपली, ती सव्वा इंचापेक्षा लहान असेल तर हात लावायचा नाही. आपल्या बोयच्या कुळातला 'अमाअमा' डिसेंबर ते मार्च बंद.

मला वाटायचे, हे सगळे कोणीतरी टेबलावर बसून ठरवलेले आकडे असतील. माझा धंदाच नियम लिहायचा. 'असे असेल तर असे कर' हे मी रोज संगणकाला सांगते. म्हणून एखादा नियम दिसला की तो का लिहिला, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन माशांची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

पहिला मासा 'मोई'. आपल्या रावसाच्या कुळातला. जुन्या काळी तो राजघराण्याचा मासा मानत. नियम असा की अकरा इंचांखालचा, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटरखालचा ठेवायचा नाही, दिवसाला पंधरापेक्षा जास्त नाहीत, आणि जून, जुलै, ऑगस्ट पूर्ण बंद. लांबी मोजायची ती तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेच्या मध्यापर्यंत. आता हा मोई जन्मतो नर म्हणून आणि मोठा झाल्यावर मादी होतो. आपल्या रावसातही हेच घडते! आता विचार करा. आपण फक्त मोठे मोठे वेचून नेले तर समुद्रात उरणार कोण? सगळे नर. अंडी घालणार कोण? म्हणून नुसती किमान लांबी ठरवून भागत नाही. दिवसाची मर्यादा हवी, आणि अंडी घालायच्या महिन्यांत त्याला शांतता हवी.

दुसरा मासा 'उहू', म्हणजे पोपटमासा. हा उलटा. आधी मादी, आणि मोठा होता होता त्यातले काही नर होतात, रंग निळाहिरवा होतो. तो प्रवाळावरचे शेवाळ दाताने खरवडून खातो. प्रवाळाचा चुरा त्याच्या पोटातून बाहेर पडतो तो वाळू होऊन. त्या सुंदर पांढऱ्या किनाऱ्यांवरची बरीचशी वाळू या माशाने दळलेली आहे. उहू कमी झाला की शेवाळ वाढते आणि प्रवाळ गुदमरतो. म्हणून माउई बेटावर २०१४ मध्ये नियम केला की दिवसाला दोनच उहू, आणि दोन मोठ्या जातींचे निळे नर अजिबात नाहीत. त्याच बेटावर काहेकिली नावाच्या किनाऱ्यावर २००९ पासून शेवाळ खाणारा एकही मासा धरायचा नाही, बाकीचे धरा. किनारा बंद केलेला नाही. फक्त झाडूवाल्यांना हात लावायचा नाही, एवढेच.

एका माशाला एक नियम लागू पडतो, दुसऱ्याला तोच घातक ठरतो. हे ज्याने समुद्राकडे पिढ्यानपिढ्या बघितले त्यालाच कळते. आणि हवाईच्या मूळ रहिवाशांनी ते बघितले होते. त्यांच्याकडे 'कापू' म्हणून पद्धत होती, म्हणजे निषेध. अमुक महिन्यांत 'ओपेलू' हा बांगड्यासारखा मासा बंद, तेव्हा 'आकू' म्हणजे कुपा चालू. मग आकू बंद, ओपेलू चालू. डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळापर्यंतची एक पट्टी एका वस्तीची, आणि तिच्यावर देखरेख ठेवणारा एक कारभारी. किनाऱ्यालगत दगडी बांध घालून त्यांनी माशांची तळी केली. त्या बांधाला लाकडी फटींचे दार असते. बोटभर पिल्लू फटीतून आत येते, आत वाढते आणि मग त्याला बाहेर जाता येत नाही. काही शतकांपूर्वीचे हेएइया नावाचे असे ८८ एकरांचे तळे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. गावातली माणसे आज त्याचा बांध पुन्हा रचत आहेत. मी शाळेत शिकलेल्या चाळणीच्या प्रयोगाचे इतके मोठे रूप दुसरीकडे कुठे पाहिले नाही, सर.

मग बिघडले कुठे? १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे ताब्यात घेतली आणि १९०० च्या कायद्याने किनाऱ्याचे पाणी सर्व नागरिकांना खुले केले. ज्या कारभाऱ्यांचे जुने हक्क होते त्यांनी दोन वर्षांत नोंदवावेत, असे सांगितले. बहुतेकांचे नोंदले गेले नाहीत. सगळ्यांना खुले, हे ऐकायला किती छान वाटते. पण ज्याच्यावर सगळ्यांचा हक्क, त्याची काळजी घ्यायला कोणी उरत नाही. आपल्या गावच्या सार्वजनिक विहिरीचे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतरचे शतक सुधारणांचे आहे, आणि त्यातली प्रत्येक सुधारणा यशस्वी झाली असे नाही. मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो वाइकिकीचा प्रयोग. वाइकिकी ते डायमंड हेड या पट्ट्यात असा नियम आहे की विषम वर्षी मासेमारी बंद, सम वर्षी चालू. ऐकताना वाटते, काय सुंदर तोडगा आहे! एक वर्ष माशांचे, एक वर्ष माणसांचे. पण १९७८ पासून दोन दशकांहून जास्त काळ जीवशास्त्रज्ञांनी तिथले मासे मोजले, तेव्हा दिसले की बंद वर्षात जेवढे वाढतात तेवढे चालू वर्षात निघून जातात, आणि एकूण आकडा हळूहळू खालीच येतो. शेजारीच १९८८ पासून कायमचा बंद ठेवलेला तुकडा आहे. कारण साधे आहे. जो मासा मोठा व्हायला पाच-सात वर्षे घेतो त्याला एका वर्षाची सुट्टी देऊन काय होणार? दहावीच्या मुलाला एक तास अभ्यासाला देऊन परीक्षेला बसवण्यासारखे ते आहे. पण हे कळले कशामुळे? कोणीतरी वर्षानुवर्षे पाण्यात उतरून मोजले म्हणून. मोजले नसते तर आजही सगळे म्हणाले असते, किती न्याय्य नियम आहे आमचा.

आणि हवाईची खरी अडचणही तीच आहे. रहिवाशाला परवाना नाही, म्हणून किती लोक गळ टाकतात आणि किती मासा नेतात याचा पक्का हिशेब नाही. धक्क्यावर सर्वेक्षण करणारी मुले येतात, काय सापडले विचारतात, तुम्ही हो म्हणालात तर मासा मोजतात. उत्तर द्यायची सक्ती नाही. मी दर वेळी देते. बरेच जण देत नाहीत. त्यांना भीती वाटते की आज मोजतील आणि उद्या बंद करतील. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या आजोबांच्या हातून एकदा समुद्र गेला, त्यांनी फॉर्म घेऊन आलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले तर नवल काय?

म्हणून मला तिथली दोन गावे महत्त्वाची वाटतात. काउआई बेटावरच्या हाएना गावाने स्वतःच्या किनाऱ्याचे नियम स्वतः लिहिले आणि २०१५ मध्ये सरकारने ते कायदा म्हणून मान्य केले. तशी सोय करणारा कायदा १९९४ चा. म्हणजे पहिल्या गावाला वीस वर्षे लागली. दुसरे गाव मोठ्या बेटावरचे, काउपूलेहू. तिथल्या लोकांनी २०१६ मध्ये स्वतःहून दहा वर्षांची विश्रांती मागून घेतली. काठावरचा मासा धरायचाच नाही. त्याला ते त्यांच्या बोलीत 'ट्राय वेट' म्हणतात, म्हणजे 'जरा दम धरा'. हे कोणी वरून लादले नाही. ज्यांच्या ताटातला मासा होता त्यांनीच ताट बाजूला सारले.

माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, तिच्या गळाला पहिला मोई लागला. आमच्या शेजारचे अंकल धक्क्यावर होते. सत्तरी ओलांडलेले, जन्म तिथलाच. त्यांनी काही न बोलता त्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलेली मोजपट्टी पुढे केली. मासा साडेदहा इंच भरला. मुलीने माझ्याकडे पाहिले, मी अंकलकडे पाहिले, अंकल समुद्राकडे पाहत होते. आजूबाजूला दुसरे कोणी नव्हते. तिने ओल्या हातांनी त्याला धरले आणि पाण्यात सोडले. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट केलेला होता, त्यामुळे तो सहज सुटला. तिचा चेहरा पडला होता. अंकल म्हणाले, "आता तुझा एक मासा समुद्रात ठेव म्हणून आहे." बँकेत ठेवतात तसा! तेव्हापासून ती ज्या धक्क्यावर जाते त्याला 'माझी शाखा' म्हणते.

तिथे तपासायला कोणी अधिकारी नव्हता. बाराशे किलोमीटरहून लांब पसरलेल्या किनाऱ्यावर तो असणार तरी किती ठिकाणी? नियम पाळला गेला तो झाकणावरच्या मोजपट्टीमुळे आणि शेजारी बसलेल्या माणसामुळे.

आता आपल्याकडे येते. आपल्याकडे काहीच नाही असे नाही. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. मोईच्या बंदीचे महिने जवळपास तेच, हा योगायोग मला फार आवडतो. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात जायचे नाही हा आपला कापूच होता. रापणीत ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, ही तर त्यांनी आपल्याकडून शिकावी अशी गोष्ट आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींची किमान लांबी ठरवली, त्यात पापलेटची १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट आपला राज्यमासा झाला. पण सुट्टीत काठी घेऊन येणारा पाहुणा आणि त्याला नेणारा आपला मित्र, यांच्यापर्यंत यातले काय पोचते?

म्हणून त्या दोघा मित्रांना माझे सांगणे आहे. दोघेही आज इथे बसले आहेत, आणि शेजारी शेजारी बसले आहेत हे बघून बरे वाटले. तुमचे भांडण पाहुणा यावा की न यावा याचे नाही. पाहुण्याने काय न्यावे आणि ते कोणी ठरवावे याचे आहे. ते आपणच ठरवू शकतो. सरकार ठरवेल तेव्हा ठरवेल, हाएनाला वीस वर्षे लागली. पण होडी आपली आहे. होडीचा मालक पाहुण्याला म्हणू शकतो की माझ्या होडीत इतक्या लांबीखालचा ठेवायचा नाही, माणशी इतकेच, अंड्यांनी भरलेला सोडायचा, आणि फोटो हवे तेवढे काढा. ती लांबी आणि ते महिने कोण सांगेल? रापणीतली जुनी माणसे सांगतील. त्यांना विचारले तर पाहिजे. मग तो नियम त्यांचाही होईल.

माझ्या दोन छोट्या विनंत्या आहेत. पहिली, जेटीच्या कठड्यावर रंगाने एक मोजपट्टी काढावी आणि तिच्यावर आपल्या खाडीतल्या दहा माशांची चित्रे, प्रत्येकाच्या लांबीच्या खुणेवर. चित्रकलेचे सर अजून हातात ब्रश धरतात असे ऐकले आहे. दुसरी, आठवी-नववीच्या मुलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ जेटीवर जाऊन, जो दाखवेल त्याचा मासा मोजावा आणि लिहून ठेवावा. कोणाचे नाव लिहायचे नाही, दंड नाही, उपदेशही नाही. फक्त मासा, लांबी, तारीख. त्या नोंदी साठवायची आणि वाचायची सोय मी करून देईन, तेवढे मला येते. एका वर्षात त्यातून काही कळणार नाही. पाच वर्षांत थोडे कळेल. दहा वर्षांनी आपण पुन्हा जमू तेव्हा निदान भांडायला आकडे तरी असतील, आणि ते आपल्या मुलांनी मोजलेले असतील.

या शाळेने मला मोजायला शिकवले. विज्ञानाचे सर म्हणायचे, आधी माप घे, मग मत दे. त्यावर माझे घर चालले आहे. आज त्यांच्यासमोर उभे राहून ते म्हणता आले, याचा आनंद फार मोठा आहे.

जेवणात बांगडा आहे असे कळले आहे, त्यामुळे मी थांबते.